नवा फोन : कुणाच्या पैशाने, कुणाच्या नावावर?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्या आणि बचतगटांच्या प्रतिनिधी यांच्या एक दिवसाच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



या शिबिरासाठी मला ‘बचत आणि खर्च’ असा विषय दिला होता. बचतीवर मी तुम्हाला काय सांगणार? महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकून ज्यांनी गट उभे केले, त्यांच्यापुढे माझ्यासारख्या पगारी बाईने बचतीवर बोलणं म्हणजे आगाऊपणाच. म्हणून मी खर्चाचं बोलणार आहे, आणि तेही एकाच खर्चाचं. नव्या, महागड्या मोबाईलचं. तो घ्यावा का, आणि त्यात घातलेले पैसे वसूल होतात का, एवढंच.

विषय हलका वाटेल. मलाही वाटला होता. पण आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या भांडणांत दारू, संशय, मूल न होणं या नेहमीच्या कारणांच्या शेजारी आता मोबाईल येऊन बसला आहे. कुणाचा मोबाईल नवऱ्याने आपटून फोडलेला असतो, कुणाच्या मुलाने हप्त्यावर घेतलेला असतो आणि हप्ता आई भरत असते. एकीच्या बाबतीत तर नवा फोन मिळाला म्हणूनच घात झाला. ते पुढे सांगते.

मागच्या पावसाळ्यात एका वस्तीतल्या बैठकीत मी एक खेळ घेतला. सगळ्यांनी आपापला फोन सतरंजीवर मधोमध ठेवायचा. वीस-बावीस बायका होत्या, फोन निघाले चौदा. त्यातले चार साधे बटणाचे. उरलेल्यांतल्या बहुतेकांच्या काचेला तडे, आणि एकाला चक्क रबरबँड लावलेला, कारण बॅटरी फुगून मागचं झाकण बसत नव्हतं. (फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. असा फोन कुणाकडे असेल तर तो चार्जिंगला लावू नका, उशाशी तर मुळीच ठेवू नका. आजच्या आज दुरुस्तीवाल्याकडे न्या.) मग मी विचारलं, हा फोन पहिल्यांदा कुणी वापरला? तर एकेका फोनची वंशावळ बाहेर यायला लागली. नवऱ्याने नवा घेतला, त्याचा जुना मोठ्या मुलाकडे गेला. मुलाने नवा घेतला, तेव्हा तो मुलीकडे आला. मुलीच्या हातून पडून काच फुटली, मग तो आईला मिळाला. कोपऱ्यातली एक आजी म्हणाली, “भाकरीचं पण तसंच असतंय की गं. तव्यावरची ताजी त्यांना, सकाळची आपल्याला.” सगळ्या हसल्या. मला मात्र एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत ‘कुटुंबांतर्गत साधनवाटप’ या नावाखाली जे शिकवलं होतं, ते त्या एका वाक्यात सापडलं.

त्यानंतर तीन प्रश्न विचारले. फोन कुणाच्या पैशाने आला? सिमकार्ड कुणाच्या नावावर आहे? आणि फोन उघडायचा आकडा कुणाकुणाला माहीत आहे? तिसऱ्या प्रश्नाला बराच वेळ कुणी बोललंच नाही.

तेव्हा आधी एक स्पष्ट करते. बाईच्या हातात स्वतःचा, नीट चालणारा फोन असणं ही चैन नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या बायका देशात निघाल्या ५४ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांकडे तो नव्हता. आणि सरकारी योजना तर आता फोनवाचून पुढे सरकतच नाहीत. ‘लाडकी बहीण’ योजना २०२४ च्या जुलैत सुरू झाली. २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा आधारला जोडलेल्या नंबरवर येणारा ओटीपी लागला. ज्यांच्या आधारला दिराचा किंवा शेजाऱ्याचा नंबर जोडलेला होता, त्यांची काय धावपळ झाली ती तुम्ही पाहिली आहे. त्यात नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली. मग टाकलेल्या बाईने ओटीपी कुणाकडून आणायचा? तेव्हा, मोबाईल म्हणजे चंगळवाद असं सरसकट म्हणायला मी इथे आलेली नाही. आपल्या चळवळीत एके काळी लिपस्टिकवरही असंच बोललं जायचं, आणि त्यामुळे कितीतरी मुली दारातूनच परत गेल्या.

माझा प्रश्न वेगळा आहे. चालता फोन हातात असताना नवा, महाग फोन घेणं, आणि त्यासाठी महिन्यांचे महिने बांधून घेणं, हे परवडतं का?

मी स्वतःपासूनच सुरुवात करते. माझा फोन २०२१ सालचा. कोरोनाच्या काळात प्रशिक्षणं मोबाईलवर व्हायला लागली तेव्हा १७ हजारांना घेतला. मागच्या वर्षी तो फार त्रास द्यायला लागला. दुपारी दोनलाच चार्जिंग संपायचं, एखादी बाई फोनवर रडत सांगत असायची आणि मधेच फोन बंद पडायचा. कामाच्या दृष्टीने ते वाईटच. म्हणून एका मोठ्या दुकानात गेले. तिथे आयफोन १७ हातात घेतला. २०२५ च्या सप्टेंबरात तो भारतात आला तेव्हा त्याची किंमत ८२,९०० रुपयांपासून होती. खोटं कशाला बोलू, मोह झाला. फोटो काय सुंदर! आणि खरं सांगायचं तर फोटोसाठी मोह झाला नव्हता. आमच्या क्षेत्रात निधी देणाऱ्या संस्थांची माणसं येतात, बैठकीत टेबलावर फोन ठेवतात, आणि त्यांच्या शेजारी आपला तडा गेलेला फोन ठेवताना हात जरा आखडतो. पस्तिशी उलटलेल्या, स्त्रीवादावर इतरांना प्रशिक्षण देणाऱ्या बाईचा हात आखडतो, तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीला काय होत असेल!

दुकानातल्या मुलाने सांगितलं, “मॅडम, नो कॉस्ट ईएमआय आहे, तुम्हाला कळणार पण नाही.” हे वाक्य लक्षात ठेवा. कळू नये, यासाठीच ती सारी व्यवस्था आहे.

कोणतीही बँक किंवा फायनान्स कंपनी बिनव्याजी पैसे देत नाही. ‘शून्य टक्के व्याज’ म्हणून ज्या योजना चालत, त्यांना रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच हरकत घेतली, कारण त्यात व्याज दुसऱ्या नावाखाली लपवलेलं असतं. आता होतं असं, की व्याज आकारलं जातं आणि तेवढीच सूट दुकान किंवा कंपनी देते. म्हणजे रोख घेणाऱ्या गिऱ्हाइकाला जी सूट मिळू शकली असती, ती तुमच्या व्याजात जिरते. वर प्रक्रिया शुल्क वेगळं, आणि क्रेडिट कार्डावर घेतलं तर व्याजावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा. मोबाईलवर मुळात १८ टक्के जीएसटी आहेच. तो २०२० च्या एप्रिलपर्यंत १२ टक्के होता. आणि एक हप्ता चुकला, खात्यात पैसे नसले, की फायनान्स कंपनीही दंड लावते आणि बँकही. त्याहून वाईट म्हणजे कर्जाच्या नोंदीत डाग लागतो, आणि उद्या तुम्ही शिलाई मशीनसाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलात की मॅनेजर तो डाग बोटाने दाखवतो.

घरी आल्यावर मी वहीत हिशेब मांडला. ८२,९०० रुपयांचा फोन तीन वर्षं वापरला तर महिन्याला सुमारे २,३०० रुपये पडतात. माझा १७ हजारांचा फोन, त्यात १,८०० रुपयांची नवी बॅटरी टाकली आणि एकूण सहा वर्षं चालवला, तर महिन्याला २६१ रुपये. दोन्ही फोनवरून व्हॉट्सअ‍ॅप जातं, पैसे पाठवता येतात, बैठकीचा फोटो निघतो. महिन्याला दोन हजारांचा फरक मी नेमका कशासाठी देणार होते, याचं उत्तर मला त्या वहीत सापडलं नाही.

इथे महाग फोनच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तो हिशेब लबाडीचा होईल. फोन म्हातारा होतो तो दोन-तीन कारणांनी. बॅटरी झिजते, हे पहिलं. कितीही जपा, काहीशे वेळा चार्ज झाली की तिची ताकद उतरतेच. दुसरं, जागा भरते. आपल्या गटांवर रोज सकाळी सूर्याची आणि गुलाबाची चित्रं येतात ना, त्यांनी! तिसरं कारण महत्त्वाचं. कंपनी त्या फोनसाठी सुरक्षेच्या सुधारणा पाठवणं बंद करते, आणि काही वर्षांनी बँकेची अ‍ॅप त्याच्यावर चालेनाशी होतात. व्हॉट्सअ‍ॅपनेही २०२३ च्या ऑक्टोबरात फार जुन्या अँड्रॉइड फोनना रामराम केला. या तिसऱ्या बाबतीत महाग फोन उजवे ठरतात. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलॅक्सी एस२४ साठी सात वर्षं सुधारणा देण्याचं जाहीर केलं. तेव्हा एखादी म्हणाली, मी एकदाच चांगला घेते आणि सात वर्षं बघत नाही, तर तिचा हिशेब चुकीचा नाही. पण तीच कंपनी दर वर्षी नवा फोन काढून, तुझा जुना झाला असं तिच्या कानात सांगत राहते, आणि सात वर्षं न बघणारी माणसं मी तरी फार पाहिली नाहीत.

आणि जुना झाला हे नेहमी खरंच असतं असंही नाही. अ‍ॅपलने २०१७ च्या डिसेंबरात कबूल केलं, की बॅटरी झिजलेल्या जुन्या आयफोनची गती सुधारणांमधून कमी केली जात होती. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केलं, असं कंपनीचं म्हणणं. पण गिऱ्हाइकाला ते सांगितलं नव्हतं. नवी बॅटरी टाकून ज्यांचं भागलं असतं, अशा कित्येकांनी नवे फोन घेतले असतील. त्याबद्दल फ्रान्समध्ये २०२० साली कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. युरोपात २०२५ च्या जूनपासून नियमच आला आहे, की विक्री थांबल्यानंतरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या डिसेंबरात ‘दुरुस्तीचा अधिकार’ या नावाचं पोर्टल सुरू केलं, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

मी बॅटरी बदलली. फोन आता रात्री नऊपर्यंत चालतो.

आता त्या बाईची हकीकत. ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. वय एकतीस-बत्तीस, दोन मुलं, नवऱ्याची बऱ्यापैकी नोकरी. आमच्याकडे ती दीड वर्ष येत होती. मारहाण नेहमीचीच, पण त्याहून जास्त धमक्या. रात्री-अपरात्री कामावरून फोन करून, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवून, ‘माहेरी गेलीस तर पोरं बघायला मिळणार नाहीत’ वगैरे. आम्ही तिला सांगितलं होतं, काही पुसू नकोस. तिने पुसलं नाही. तिच्या त्या जुन्या, कोपरा तुटलेल्या फोनमध्ये दीड वर्षाचं सगळं होतं. ती म्हणायची, “ताई, माझं मंगळसूत्र मोडलं तरी चालेल, हा फोन नाही मोडणार.” अर्ज करायचं तिच्या मनात हळूहळू पक्कं होत होतं.

लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने तिला नवा फोन आणला. चाळीस हजारांचा. केक, फुगे, सासू-सासरे, सगळे फोटो स्टेटसला. आणि जुना फोन? तो दुकानात एक्सचेंजमध्ये दिला. तीन हजार रुपये वळते झाले. द्यायच्या आधी दुकानातल्या मुलाने तो नियमाप्रमाणे पूर्ण कोरा केला. नव्या फोनमध्ये खातं उघडलं ते नवऱ्याच्या ईमेलवर, त्याच्याच हाताने. ती कुठे आहे ते त्याला त्याच्या फोनवर दिसायला लागलं. आमच्या केंद्रात ती आल्यावर पंधरा मिनिटांत त्याचा फोन आला, “तिथे काय करतेयस?” तेव्हा आम्हाला उलगडा झाला.

नवऱ्याने हे मुद्दाम केलं का? मला आजही सांगता येत नाही. कदाचित त्याला खरंच वाटलं असेल की आपण बायकोसाठी काहीतरी मोठं केलं. पण परिणाम तोच झाला. चाळीस हजारांचा फोन आला आणि तिच्या हातातलं होतं नव्हतं ते गेलं. उलट सासरचे आता विचारतात, एवढा महागाचा फोन देणारा माणूस बायकोला छळेल का?

सुदैवाने त्यातले काही आवाज तिने बहिणीला पाठवले होते. ते बहिणीच्या फोनवर होते. पण कोर्टात मूळ फोन असणं आणि पुढे पाठवलेली प्रत असणं यात फरक पडतो. आपल्या जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेला अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला आहे. त्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं, की ज्या यंत्रात मूळ नोंद आहे ते यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केलं तर वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही. नाहीतर प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कलम ६३ खाली असं प्रमाणपत्र आहे. पूर्वीपेक्षा ते जास्त किचकट झालं आहे. आणखी एक. नवरा-बायकोमधलं चोरून केलेलं रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात चालतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जुलैत दिला. पण भुलू नका, त्या खटल्यात रेकॉर्डिंग बायकोने केलेलं नव्हतं, नवऱ्याने केलं होतं. ही तलवार दोन्ही बाजूंनी कापते.

म्हणून एक्सचेंजच्या जाहिरातीत ‘जुना द्या, नवा घ्या’ असं वाचलं की मला आता वेगळंच दिसतं. ज्या बाईच्या घरात त्रास आहे, तिने जुना फोन तीन हजारांत नाही, तीस हजारांतही देऊ नये. तो बंद करून, कापडात गुंडाळून विश्वासाच्या माणसाकडे ठेवावा. नवा फोन भेट मिळालाच तर त्यातलं खातं आपल्या ईमेलवर उघडायचं, जमत नसेल तर आमच्यासारख्यांकडे या. मात्र एकदम सगळं बदलूही नका. नवऱ्याच्या लक्षात आलं तर धोका वाढतो. आधी बोला, सुरक्षिततेची योजना करा, मग बदला.

सुरक्षिततेवरून आठवलं. महाग फोनच्या जाहिरातीत आजकाल बायकांच्या सुरक्षेचं फार असतं. पडलीस तर कळवेल, हरवलीस तर शोधेल. पण संकटकाळी मदत मागायचं बटण सगळ्या फोनमध्ये असावं असा नियम केंद्र सरकारने २०१६ सालीच केला, आणि तो २०१७ पासूनच्या नव्या फोनना लागू झाला. साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरायचं, स्मार्टफोनवर चालू-बंदचं बटण लागोपाठ तीनदा दाबायचं. काही फोनमध्ये ते पाचदा दाबावं लागतं, म्हणून आपल्या फोनमध्ये काय आहे ते आधीच बघून ठेवा. ११२ नंबर तर कुठल्याही डबा फोनवरून लागतो. बाईसाठी १८१ आहे, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० आहे. यातल्या कशालाही ऐंशी हजार लागत नाहीत.

आणखी दोन गोष्टी सांगते, त्या किमतीच्या चिठ्ठीवर नसतात.

चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनच्या कारखान्यात आयफोन जोडले जातात. जोडणाऱ्या बहुतांश तरुण मुली. २०२१ च्या डिसेंबरात त्यांच्या वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली, दीडशेहून जास्त जणींना रुग्णालयात न्यावं लागलं. त्या मुली चेन्नई-बंगळुरू महामार्गावर येऊन बसल्या. राहायची जागा, झोपायची जागा, पाणी, सगळ्याचीच रड होती. कारखाना काही आठवडे बंद राहिला. त्यानंतर २०२४ च्या जूनमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने उघड केलं, की तिथे जोडणीच्या कामावर लग्न झालेल्या बायकांना घेतच नव्हते. कारण काय, तर घरच्या जबाबदाऱ्या, बाळंतपण, आणि दागिने. म्हणजे मंगळसूत्र आणि जोडवी! केंद्रीय कामगार मंत्रालयाने तेव्हाच्या १९७६ च्या समान वेतन कायद्याचा हवाला देऊन तमिळनाडू सरकारकडून अहवाल मागवला. कंपनीने भेदभावाचा आरोप फेटाळला. आपल्याकडे मात्र तोच फोन लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला भेट म्हणून दिला जातो.

दुसरी गोष्ट आपल्या राज्यातली. अंगणवाडी सेविकांना सरकारने कामासाठी फोन दिले होते. दोन जीबी रॅमचे. त्यावर पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप नीट चालेना, फोन तापायचे, बंद पडायचे, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकेच्याच माथी. २०२१ च्या ऑगस्टमध्ये हजारो सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. मला ते आंदोलन फार आवडलं होतं. काम तुमचं, नोंद तुमची, मग साधन माझ्या मानधनातून का? घरकाम करणाऱ्या बायकांना आता अ‍ॅपवरून कामं मिळतात, आशाताईंना गटावर फोटो टाकावे लागतात. ‘तुझा फोन चांगला नाही, नवा घे’ असं जेव्हा कामाच्या ठिकाणचा माणूस सांगतो, तेव्हा तो आपला घरगुती खर्च राहत नाही. ती मागणी आहे, आणि ती मालकाकडे मांडायची आहे. गटातून कर्ज काढून ती पुरी करायची नाही.

गटाच्या कर्जावरून एक कबुली देते. आमच्या एका गटात मावशींनी मुलासाठी चोवीस हजारांच्या फोनला कर्ज मागितलं. मुलगा बारावीत. चार घरची धुणीभांडी करून त्यांना महिन्याला नऊ हजार मिळतात. गटात वाद झाला. मी विरोधात बोलले, जरा जास्तच बोलले. मावशी शांतपणे म्हणाल्या, “ताई, मी त्याला दुसरं काय देऊ शकते? घर नाही, जमीन नाही. कॉलेजात तो खाली मान घालून बसतो.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही पुरतं नाही. शेवटी गटाने त्यांना बारा हजार मंजूर केले. त्यांनी जुना पण चांगला फोन घेतला. घेताना आम्ही सोबत गेलो. *#०६# दाबून त्याचा आयएमईआय नंबर काढला, ‘केवायएम’ लिहून पुढे तो नंबर टाकून १४४२२ वर संदेश पाठवला आणि फोन चोरीचा नाही ना, ते तपासलं. बिल मावशींच्या नावावर घेतलं. त्यावर मुलगा दोन दिवस रुसला होता. मावशींनी त्याला सांगितलं, हप्ता मी भरते, तर बिलावर नावही माझंच राहील.

पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी केंद्रात दुरुस्तीचं काम येणारी एक मुलगी येणार आहे. घरात पडलेले जुने फोन आणा. कुणाच्या फोनची बॅटरी बदलून भागेल, कुणाचा खरंच संपला आहे, ते ती बघून सांगेल. ज्यांच्या फोनमध्ये जपून ठेवायचं काही आहे त्यांनी मात्र तो तिच्याही हातात देऊ नका, आधी मला वेगळं भेटा. आणि त्या बाईच्या अर्जाची तारीख येत्या सतराला आहे. तिच्याबरोबर तिची बहीण आपला फोन घेऊन येणार आहे. त्या दिवशी ज्यांना जमेल त्यांनी सकाळी साडेदहाला कोर्टाच्या फाटकापाशी या.